तोंडातून काही नाही

माझ्या भावाला भूक लागली की मला जेवावं लागतं. ही म्हण नाही, आमच्या खोलीतला नियम आहे. पलंगांच्या मध्ये ठेवलेल्या पेटीवर केशरी दिवा लागतो, म्हणजे दादाच्या रक्तातलं पोषण उतरलं. मग मंजिरीवहिनी डबा उघडतात, ताट वाढतात आणि मी जेवते. काही वेळाने माझ्या मानेतून निघालेल्या नळीतला पाण्यासारखा रस दुधासारखा पांढरा होतो, पेटीत जातो आणि तिथून दुसऱ्या नळीने दादाच्या शिरेत उतरतो. दिवा हिरवा होतो. दादा समाधानाने पोटावरून हात फिरवतो. ढेकर तेवढी मला येते.

मी वृषाली शिराळकर. एक्कावन्न वर्षांची, बिनलग्नाची, पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर. लोखंडी पाळण्यात बसून पुलाच्या पोटाखाली लोंबकळायचं, हातोडीने काँक्रीट वाजवायचं आणि कुठे पोकळ वाजतं ते ऐकायचं, यात माझं आयुष्य गेलं. कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्या लोकांनी वरून पाहिल्या, मी खालून. यंदा पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं होतं. अंदमानात बेटं जोडणारे नवे पूल होत आहेत, तिथे तीन वर्षांसाठी तपासणीप्रमुख म्हणून जायचं. मिळालंही. बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या, आणि तेवढ्यात दादाच्या पोटातला फुगा सापडला.

दादा म्हणजे धनंजय, माझा नऊ वर्षांनी मोठा भाऊ. सांगलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. हृदयातून निघणारी महाधमनी कण्याला लागून पोटात उतरते. त्याच्या महाधमनीची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली होती, आणि ती फुटली असती तर तो दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचला नसता. मिरजेत डॉ. फरीदा मुजावर यांनी पोट उघडून तो फुगा काढला आणि तिथे कृत्रिम नळी शिवली. ऑपरेशन उत्तम झालं. दादा उठून बसला, वरणभात जेवू लागला. आणि आठवड्याभरात त्याचं पोट टम्म फुगलं. सुई घातली तर आतून दूध निघालं.

डॉक्टरांनी वहिनींना पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. आपण तूपतेल खातो ते आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. त्यासाठी केसासारख्या बारीक वेगळ्या वाहिन्या असतात आणि त्यांतून लसीका नावाचा रस वाहतो. त्यात स्निग्ध पदार्थ मिसळले की तो पांढरा होतो. या वाहिन्या महाधमनीच्या मागे एकत्र येतात, मग एक मोठी वाहिनी छातीतून वर जाते आणि मानेपाशी शिरेत रिकामी होते. महाधमनीवर काम करताना त्यांतली एखादी तुटू शकते. रक्तवाहिनी तुटली तर रक्त दिसतं आणि सर्जन ती बांधून टाकतो. ही मात्र उपाशी पोटी पाण्यासारखी असते, दिसतच नाही. पेशंट जेवायला लागला की मग कळतं.

मला हे लगेच समजलं. पुलाचा सांधा गळतो हे उन्हाळ्यात कुठे कळतं? आणि गळती बुजवायची तर आधी वरचं पाणी थांबवावं लागतं.

डॉक्टरांनी तेच केलं. आधी तूपतेल बंद, मग तोंडातून सगळंच बंद, पोषण शिरेतून. इंजेक्शनं झाली. बारीक सुईने आत रंग सोडून गळकी जागा शोधली आणि वैद्यकीय गोंदाने बुजवून पाहिली. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, दादाचं भागलं नाही. पोटात बसवलेल्या नळीतून निचऱ्याची पिशवी रोज भरायची आणि तिच्यातून त्याची प्रथिनं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी वाहून जायच्या. शिरेतून दिलेल्या कृत्रिम पोषणाने यकृत बिघडलं. पुन्हा पोट उघडायला हृदय तयार नव्हतं. दादा इतका वाळला की त्याच्याकडे बघताना मी त्याच्या हातांकडे बघायची, कारण हात तरी ओळखीचे होते.

तेव्हा डॉक्टरांनी सहपोषणाची गोष्ट काढली. नवीन यंत्र होतं, आमच्या भागात दोनच, आणि रांग मोठी. रक्ताच्या नात्यातल्या, सगळे गुण जुळणाऱ्या निरोगी माणसाच्या मानेतल्या वाहिनीत नळी घालायची. त्याने जेवायचं. त्याचा रस पेटीत यायचा, दुसऱ्याच्या शरीराशी भांडतील अशा पेशी तिथे गाळल्या जायच्या, आणि उरलेला रस थेट पेशंटच्या शिरेत सोडायचा. पेशंटचं आतडं विश्रांती घेतं, त्याची तुटकी वाहिनी कोरडी पडते आणि हळूहळू भरून येते. मात्र नळी मध्ये काढता येत नाही. रस थांबला की गोठतो, आणि त्या नाजूक वाहिनीत पुन्हापुन्हा नळी घालता येत नाही. म्हणजे दोघांनी एकमेकांना बांधून राहायचं.

डॉक्टरांचे नियम दोनच होते. निचरा सलग चार दिवस स्वच्छ आला की जोडणी काढायची. आणि पेशंटने तोंडातून काही खाल्लं तर जोडणी रद्द, पेटी रांगेतल्या पुढच्या माणसाला. दादाच्या उशाशी पाटी लागली, ‘तोंडातून काही नाही’.

दादा-वहिनींना मूल नाही. जुळले फक्त माझे नमुने. किती दिवस लागतील विचारलं तर तीनेक आठवडे म्हणाले. मी ऑफिसला फोन केला. दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत रुजू व्हा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेऊ, असं साहेबांनी सांगितलं. तेव्हा नुकता श्रावण लागला होता. वेळ भरपूर होता. मी मान पुढे केली.

बांधून राहणं म्हणजे काय ते सांगते. नळी जेमतेम न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचायची. दादा आत गेला की मी पेटी ढकलत दाराशी न्यायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी गेले की तो. तो खोकला की माझ्या मानेला हिसका बसायचा. झोपेत कूस बदलायची तर आधी दुसऱ्याची कूस कुठली ते बघायचं. खिडकीतून रस्त्यापलीकडचं एक वडाचं झाड दिसायचं, आणि त्याच्या खालून लोक हात हलवत, कुठेही न बांधलेले, चालत जायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

आणि जेवण. वहिनी घरून डबा आणायच्या तो दादाच्या आवडीचा. मसालेभात, त्यावर तूप. अळूचं फतफतं. पुरणपोळी, बासुंदी. मला गोड फारसं चालत नाही हे मी दोनदा सांगितलं. वहिनींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, ‘आणखी एक चमचा तूप घ्या ना ताई, ह्यांना पोचेल.’ भेटायला येणारे लोकही दादाची चौकशी करायचे आणि ताटाकडे बघून मला म्हणायचे, नीट जेव हो. आमच्या लहानपणी दुधावरची साय दादाची असायची. मुलाला ताकद हवी, मुलीला ताक चालतं. आता सायीची वाटी माझ्यासमोर यायची, मी ती संपवायची, आणि साय दादाकडेच जायची. आई हे यंत्र बघून फार खूश झाली असती.

पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला आनंदही झाला. दादाच्या गालांवर मांस आलं. आवाज परत आला. आडवा पडलेला तो उठून बसला, मग पेटीसोबत माझ्याबरोबर खोलीत फेऱ्या घालू लागला. आपल्या अंगातून कोणाला तरी जीव मिळतोय हे बघणं मोठं सुखाचं असतं. मला वाटलं, मूल झालं असतं तर असंच वाटलं असतं.

निचऱ्याचं पाणी पहाटे निवळल्यासारखं दिसायचं आणि दुपारी पुन्हा पांढरं. श्रावण संपला. गणपतीत तर पिशवीत खरवस भरल्यासारखं दिसू लागलं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून विचारायच्या, तोंडातून काही दिलं नाही ना? वहिनी गळ्याला चिमटा घेऊन सांगायच्या, थेंबही नाही. मीही सांगायची. दिवसरात्र मी तिथेच होते, माझ्या डोळ्यांदेखत त्याने एक घास खाल्ला नव्हता.

दादा मात्र बरा होता. नुसता बरा नव्हे. त्याचे गुडघे दुखायचे थांबले. साखर जागेवर आली. रात्री घोरत झोपायचा आणि सकाळी गुणगुणत उठायचा. डॉक्टरांनाही नवल वाटत होतं. एका निरोगी शरीराच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि पोषण दुसऱ्याला आयतं मिळत राहिलं की काय काय होतं हे अजून आम्हीही शिकतोय, असं त्या म्हणाल्या. माझे केस मूठमूठ गळत होते. तोंड आलं होतं, जिने चढल्यासारखा दम बसल्या जागी लागत होता. एकदा दादाने पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मोठ्या शहरांत काही धडधाकट लोक, गळती वगैरे काही नसताना, नुसतं ताजंतवानं राहायला सहपोषण मागू लागले होते. त्यांना तरुण पोसणारे हवे होते आणि कायदा काय म्हणतो यावर वाद चालला होता. दादा म्हणाला, ‘लोक हुशार असतात हं.’ मी हसले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं.

पितृपंधरवडा आला. वहिनींच्या वडिलांची तिथी होती म्हणून त्या इचलकरंजीला माहेरी गेल्या. माझं जेवण इस्पितळाच्या खाणावळीतून यायला लागलं. आणि दुसऱ्या दिवशी पिशवी स्वच्छ. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही स्वच्छ. डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, उद्याचा दिवस असाच गेला की तुम्ही मोकळ्या. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात जहाजात बसले होते.

सकाळी वहिनी परतल्या. वाटेत वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन आल्या होत्या. दुपारी पिशवी पांढरी.

आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकवतात. गळती थांबली की टाळ्या वाजवू नका, वर काय बंद झालं ते बघा. कारण पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. मी पडल्यापडल्या विचार करू लागले. वहिनी नव्हत्या तेव्हा काय बंद होतं? माझा डबा, पण माझं जेवण दादाच्या आतड्यात जातच नाही. मग? इतक्यात नर्स आली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला, तोंडातून काही? वहिनी म्हणाल्या, ‘छे हो, थेंबही नाही.’ आणि हे म्हणताना त्या आपली बोटं पदराला पुसत होत्या. पदराला तुपाचा डाग पडला.

प्रसाद. वहिनी रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या देवळातून येताना प्रसाद आणायच्या आणि चिमूटभर, कधी बोटभर, दादाच्या ओठांत सोडायच्या. वाडीचा पेढा, शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाचा शिरा, पंचामृताचे दोन चमचे, गणपतीत मोदकाची कळी, आणि एका गुरुवारी दर्ग्याचा मलिदासुद्धा. भेटायला येणारेही पुडी आणायचेच, पितृपंधरवड्यात कोणाकडे पूजा नव्हती म्हणून तेवढी थांबली होती. हे सगळं माझ्यासमोर होत होतं. नर्ससमोरही व्हायचं. तिला दिला की तीही हात धुऊन, डोळ्यांना लावून घ्यायची. मीही उजवा हात पुढे करायची. कोणी काही लपवलं नव्हतं, कारण प्रसाद म्हणजे खाणं असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रसादाला नाही म्हणू नये एवढंच आम्हाला माहीत. तो पोटात जातो हे आम्ही विसरलो होतो. आणि रोजच्या त्या तुपाने भरत आलेली वाहिनी रोज पुन्हा उसवत होती.

मला आधी वहिनींची दया आली. मग दादाकडे बघितलं. तो पेपर वाचत होता आणि मला आठवलं, हा माणूस जीवशास्त्र शिकवायचा.

वहिनी घरी गेल्यावर मी म्हणाले, ‘दादा, पेढ्यात खवा असतो.’

त्याने पेपरची घडी घातली. सावकाश घातली. ‘वृषा, मी तीस वर्षं पोरांना पचनसंस्था शिकवली. पेढ्यात काय असतं ते तू मला सांगणार?’

‘म्हणजे तुला माहीत होतं.’

‘पहिल्या आठवड्यात लक्षात आलं नाही. मग आलं.’ त्याने खिडकीकडे बघितलं. ‘मला साठ वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तू मला पाहिलंस ना, काय झालं होतं माझं? ही नळी काढली की मी परत तसा होईन. मला तसं व्हायचं नाही.’

‘तसं नाही होणार. गळती बंद झाली की तू स्वतः जेवशील.’

‘जेवीन आणि साठीचा म्हातारा होईन. गुडघे धरून जिना चढेन. तुझं तिकडे काय अडलंय? पूल काय, कोणीही वाजवेल. मला मात्र तूच जुळतेस.’

मी म्हणाले, मी हे वहिनींना सांगते. त्यावर तो चिडला नाही, उलट समजुतीच्या सुरात बोलला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला की खुशाल सांग, मंजिरी प्रसाद बंद करेल. मग मी स्वतः मुजावरबाईंना सांगेन की मी तोंडातून खात होतो. नियम माहीत आहे ना? पेटी जाईल. मी गेलो तर तुझ्या सांगण्यामुळे जाईन.

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बोलले तर दादा मरणार, नाही बोलले तर मी अशीच संपणार, हळूहळू, तुपाची धार वाढवून घेत. मला रडू आलं नाही, संताप आला. पण ज्याच्या नळीला माझी नळी जोडलेली, त्याच्यावर दार आपटून बाहेरही जाता येईना. मी तोंड भिंतीकडे केलं आणि मानेला ताण बसू नये म्हणून पुन्हा त्याच्याकडे केलं. केशरी दिवा लागला. मी खाणावळीतून ताट मागवलं आणि जेवले.

दोन दिवस मी तशीच जेवत राहिले. मग वहिनी घटस्थापनेची तयारी सांगू लागल्या तेव्हा मला कळलं की माझ्या हातात अजून एक गोष्ट आहे. आपल्याकडे बाईने काही नको म्हटलं तर दहा जण कारण विचारतात. उपवास आहे म्हटलं तर एकही विचारत नाही.

मी सांगितलं, यंदा नवरात्राचे उपवास धरतेय. दादा बरा व्हावा म्हणून. वहिनींचे डोळे भरून आले, त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला लाज वाटली, पण मी मागे हटले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणली, दाण्याचा कूट आणि तूप सढळ हाताने घातलेली, शिवाय बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. मी हात जोडले आणि म्हणाले, वहिनी, फक्त पाणी. वहिनी म्हणाल्या, एवढं कडक नका करू, उठता-बसता धरा, पहिला आणि शेवटचा दिवस. मी मान हलवली.

दादाला कळायला वेळ लागला नाही. वहिनींची पाठ वळल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

‘तू तोंड बंद केलंस की मी उघडेन,’ मी म्हणाले.

नळीतला रस पातळ होत गेला. आधी ताकासारखा, मग निवळीसारखा, मग नुसतं पाणी. केशरी दिवा लागला तो विझेना. नर्सने दादाला साखरेची सलाइन लावली, पण तिने जीव राहतो, पोट भरत नाही. त्याचे गाल उतरले. गुडघ्यांवरून हात फिरवू लागला. मला चक्कर यायची, पोटात आग पडायची, आणि खाणावळीतून फोडणीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही दोघं एकमेकांच्या समोर उपाशी पडलेलो होतो आणि एकमेकांचा जीव जोखत होतो. एकाच बापाची दोघं, दोघांनाही हट्ट सारखाच. सकाळी वहिनी चिमूटभर प्रसाद द्यायच्या तो दादा डोळे मिटून घ्यायचा. आता तर जास्तच हावरेपणाने. पिशवी पांढरीच होती.

डॉक्टर मुजावर आल्या आणि चांगल्याच रागावल्या. मला म्हणाल्या की तुमच्या श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही, पण तुम्ही या माणसाच्या आतड्याचं काम करताय हे विसरू नका. उद्या सकाळपर्यंत तुम्ही खाल्लं नाही तर मला जोडणी काढावी लागेल, तुम्हाला इजा करून मी पेशंट वाचवणार नाही. काढली तर त्यांचं काय होईल हे तुम्ही दोघंही जाणता. मी दादाकडे पाहिलं. प्रसाद सोडतो म्हणून त्याने नुसती मान हलवली असती तरी मी जेवले असते. तो छताकडे बघत राहिला. मीही बोलले नाही, कारण मी बोलले तर जोडणी त्याच क्षणी जाणार होती.

डॉक्टर गेल्यावर वहिनी माझ्या पलंगाशी आल्या. त्यांच्या हातात ताट होतं. आयुष्यात त्या मला कधी तोडून बोलल्या नव्हत्या.

‘ताई, हे व्रत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला जायचंय म्हणून तुम्ही माझा नवरा उपाशी मारताय. देवीचं नाव तरी घेऊ नका.’

हे माझ्या जिव्हारी लागलं. खोटं होतं म्हणून नाही, निम्मं खरं होतं म्हणून. मला जायचंच होतं. मी दादाकडे पाहिलं. त्याची बायको त्याच्या बहिणीला खुनी म्हणत होती आणि त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने कूस बदलली. माझ्या मानेला हिसका बसला. त्या दिवशी मला वाटलं की हा माणूस हरायच्या आधी मरेल, आणि मीच सकाळी ताट ओढून जेवेन. मला तो मेलेला चालणार नव्हता. हे त्यालाही माहीत होतं, तेच त्याचं बळ होतं.

पाचव्या माळेची सकाळ झाली. वहिनी आल्या त्या माझ्याकडे न बघता. देवीला दाखवलेल्या शिऱ्याचा द्रोण त्यांच्या हातात होता, वेलचीचा वास खोलीभर पसरला. दादा हाडांचा सापळा होऊन उशीला टेकला होता, दोन महिन्यांपूर्वी होता तसा. त्याने माझ्याकडे बघितलं. माझे ओठ फुटले होते, मी नुसती पडून होते, मला बसवत नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला.

वहिनींनी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं, बोटावर शिरा घेतला आणि त्याच्या ओठांशी नेला. दादाने ओठ मिटून घेतले.

‘अहो, प्रसाद आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘प्रसादाला नाही म्हणू नये.’

‘मंजिरी, हे खाणं आहे,’ दादा म्हणाला. ‘रोजचंच खाणं होतं. मला माहीत होतं.’

वहिनींचा हात तसाच वर राहिला. त्यांनी बोटावरच्या शिऱ्याकडे पाहिलं. मग निचऱ्याच्या पांढऱ्या पिशवीकडे. मग उशाशी लावलेल्या पाटीकडे. त्यांचे ओठ हलत होते, जणू त्या एकेक देऊळ आठवत होत्या. दादा म्हणाला की आता देऊ नकोस, चार दिवस कोणीच काही देऊ नका, मुजावरबाईंना काही सांगू नकोस. आणि मग म्हणाला, ‘वृषा, जेव.’ त्याचा आवाज फाटला होता. तो रडत होता की भुकेला होता मला कळलं नाही, दोन्ही असेल.

द्रोण वहिनींनी खिडकीत ठेवला, मोरीपाशी जाऊन हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. नंतर पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. मला वाटलं त्या माफी मागतील आणि मला ते सोसवलं नसतं. पण त्यांनी माफी मागितली नाही.

‘ताई, उपवास सोडा,’ त्या म्हणाल्या. ‘आज मी तुमच्यासाठी करून आणते. तुम्हाला काय आवडतं?’

सव्वीस वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठांवर आधी मसालेभात आला, मग बासुंदी. दोन्ही दादाची. मी थांबले. आणखी आत शोधलं. काहीतरी होतं, नक्की होतं, पाळण्यात बसून पुलाखाली डबा उघडताना मला कशाचा तरी आनंद व्हायचा, पण त्याचं नाव येईना. केशरी दिवा पेटलेला होता आणि दादा वाट बघत होता.

‘आठवत नाही, वहिनी,’ मी म्हणाले.

वहिनींनी स्टूल ओढलं आणि पेटीकडे पाठ करून, त्या दिव्याच्या आड, माझ्या उशाशी बसल्या.

‘आठवा,’ त्या म्हणाल्या. ‘मी थांबते.’